मोटारीच्या दिव्यांचा रोख : तपासणीची रीत आणि तिची भाषा

नाशिकमधील एखाद्या गॅरेजात मोटार नेऊन ‘अलाइनमेंट करावयाची आहे’ एवढेच सांगितले, तर कारागीर चाकांकडे पाहतो. दिव्यांकडे त्याची दृष्टी जात नाही. दिव्यांविषयी बोलावयाचे असेल तर ‘फोकस सेट करावयाचा आहे’ किंवा ‘लाइट वर मारते आहे’ असे म्हणावे लागते. चाकांचे ते अलाइनमेंट आणि दिव्यांचे ते सेटिंग, अशी विभागणी ह्या व्यवसायाच्या बोलीने आपली आपणच करून घेतली आहे. ही बोली समजून घेतल्याशिवाय दिव्यांची तपासणी नीट करून घेता येत नाही, आणि तपासणीमागील भूमिती समजून घेतल्याशिवाय ह्या बोलीतील शब्दांचे अर्थ नीट लागत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात दोहोंचा विचार एकत्र केला आहे.

प्रथम ‘फोकस’ हा शब्द घ्यावा. प्रकाशशास्त्रात परावर्तकाचा किंवा भिंगाचा जो नाभिबिंदू, तो फोकस. गॅरेजातील फोकस म्हणजे झोताचा रोख. तो वर असतो, खाली असतो, ‘बाहेर जातो’. हा अर्थबदल अज्ञानातून झाला असे मानण्याचे कारण नाही. जुन्या दिव्यांत बल्ब परावर्तकाच्या आत पुढेमागे सरकवून नाभिबिंदूवर आणावा लागे, आणि ते काम खऱ्या अर्थाने फोकस करण्याचेच होते. पुढे बल्बची जागा कारखान्यातच कायम करून देणारी बैठक आली आणि ते काम संपले. शब्द मात्र उरला आणि शेजारच्या कामाला, म्हणजे दिव्याचा रोख वरखाली करण्याला, चिकटला असावा. वस्तू गेली तरी शब्द नवे घर शोधतो, ह्याची उदाहरणे अर्थविचाराच्या ग्रंथांत पुष्कळ सापडतात. हे त्यांतलेच एक समजावयास हरकत नाही.

‘डिपर’चा प्रवास अधिक वळणाचा आहे. इंग्रजीतील मूळ क्रियापदाचा अर्थ झोत खाली झुकवणे. त्यावरून आलेला ‘डिपर’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी चालतो : खाली वळलेला झोत, तो झोत लावणारा खटका, आणि समोरच्याला इशारा म्हणून क्षणभर केलेली उघडझाप. पहिल्या अर्थी ‘डिपरवर चालवणे’, तिसऱ्या अर्थी ‘डिपर मारणे’ किंवा ‘डिपर देणे’. येथे विसंगती अशी की डिपर मारताना प्रत्यक्षात वरचा झोत, म्हणजे ‘अप्पर’, क्षणभर लागतो. शब्द ज्या क्रियेचा, तिच्या उलट क्रिया त्याने दर्शविली जाते. मालमोटारींच्या मागे रात्री डिपर वापरण्याची जी विनंती रंगविलेली असते, तिचा अर्थ कोणी ‘मागून झोत खाली ठेवा’ असा करतो, तर कोणी ‘पुढे जावयाचे असल्यास उघडझाप करून कळवा’ असा. दोन्ही अर्थ व्यवहारात रूढ आहेत. अरुंद पुलावर मात्र ही संदिग्धता महाग पडते. ब्रिटनमध्ये उघडझापेचा अर्थ पुष्कळदा ‘आधी तुम्ही या’ असा घेतला जातो. आपल्याकडे ‘मी येतो आहे, थांबा’ असा.

‘डिपर’ आणि ‘दिपणे’ ह्या शब्दांतील नादसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. ‘डोळे दिपणे’ ह्यातील धातू संस्कृत ‘दीप्’शी जोडलेला, ‘डिपर’ इंग्रजीतून आलेला. परंतु जो प्रकार डोळे दिपू नयेत म्हणून योजिला, त्याचे नाव दिपण्याच्या इतक्या जवळचे असावे, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. डिपरचा झोत खाली वळलेला असावा, परंतु किती? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ ह्याचे उत्तर एका कल्पित माणसाच्या डोळ्याच्या साहाय्याने देतो. हा डोळा दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून ०.५ मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहे असे धरावयाचे; खाली वळलेल्या झोताने हा डोळा दिपता कामा नये. उजवीकडे असे म्हटले आहे, कारण वाहतूक डावीकडून चालते आणि समोरून येणारा उजव्या बाजूने जातो. नियमाची रचना सुबोध आहे. परंतु थोडा हिशेब केला की तिची उणीव दिसते.

सामान्य मोटारीचा दिवा जमिनीपासून सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीवर असतो. ८ मीटर अंतरावरील १.५ मीटर उंचीचा डोळा दिव्याहून ८५ सेंटिमीटर वर झाला. म्हणजे झोताला त्या डोळ्यापर्यंत पोचण्यास जवळजवळ ६ अंशांचा चढ घ्यावा लागेल. समजा एखाद्या मोटारीचा झोत बिघडून दर मीटरला ३ सेंटिमीटर वर चढत आहे. ८ मीटरवर त्याची वरची कड ८९ सेंटिमीटर उंचीवर असेल, म्हणजे नियमातील डोळ्याच्या पुष्कळ खाली. तोच झोत ५० मीटरवर २ मीटर १५ सेंटिमीटर उंचीवर असेल, आणि समोरून येणाऱ्या मोटारचालकाचे डोळे, जे जमिनीपासून साधारणपणे १.१ ते १.२ मीटरवर असतात, त्यात संपूर्ण बुडून जातील. नियमाच्या कसोटीला उतरलेला दिवा रस्त्यावर आंधळे करू शकतो, असा ह्याचा अर्थ. म्हणून प्रत्यक्ष तपासणीत कल्पित डोळ्यापेक्षा उताराचे प्रमाण अधिक उपयोगी पडते.

हे प्रमाण शेकडेवारीत सांगतात. एक टक्का उतार म्हणजे १० मीटर अंतरात १० सेंटिमीटर खाली. आंतरराष्ट्रीय नियमांत, ज्यांचा दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरपेक्षा खाली आहे अशा मोटारींसाठी डिपरचा आरंभीचा उतार १ ते १.५ टक्के ठेवावा असे आहे. दिवा १ मीटरहून उंच असेल तर १.५ ते २ टक्के. पुष्कळ मोटारींत दिव्याजवळ किंवा बॉनेटखालील पट्टीवर दिव्याचे चिन्ह काढून त्यापुढे हा आकडा छापलेला असतो. तपासणीस लागण्यापूर्वी तो शोधून वाचावा. न सापडल्यास एक टक्का धरावा.

एक टक्का हा आकडा सुरक्षेच्या दोन परस्परविरोधी मागण्यांमधील तडजोड आहे. ६५ सेंटिमीटर उंचीचा झोत एक टक्का उताराने ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. उतार दोन टक्के झाला तर तो साडेबत्तीस मीटरवरच संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दर सेकंदाला सुमारे १६.७ मीटर पुढे सरकते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले तर तेवढ्यात २५ मीटर जातात. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. म्हणजे एक टक्का उताराच्या डिपरवर ताशी ६० ने जाणारा मनुष्य, जे दिसेल त्याच्या अलीकडे थांबू शकतो. दोन टक्क्यांवर थांबू शकत नाही. वर गेलेला दिवा समोरच्याचा घात करतो आणि खाली पडलेला दिवा स्वतःचा, किंवा रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचा. चैत्रात सप्तशृंगगडाकडे आणि रामनवमीच्या सुमारास शिर्डीकडे पायी जाणाऱ्यांचे जथे नाशिक जिल्ह्यातील रस्त्यांवरून उन्हाच्या भयाने पुष्कळदा रात्री व पहाटे चालतात. त्यांच्या दृष्टीने पहावयाचे तर खाली पडलेला दिवा हा अधिक भयंकर दोष होय, आणि त्याची तक्रार कोणी करीत नाही, कारण त्याने कोणाचेच डोळे दिपत नाहीत.

ह्याच हिशेबाने ताशी ८० किलोमीटरला थांबण्याचे अंतर सुमारे ७४ मीटर होते. निर्दोष डिपरदेखील त्या वेगाला पुरत नाही, हे सांगितलेले बरे.

डावीकडच्या पायी चालणाऱ्यांसाठी झोतात एक सोय केलेली असते. १९५० च्या दशकात युरोपात असममित झोत प्रचारात आला. भिंतीवर पाडलेल्या डिपरच्या प्रकाशाची वरची कड पाहिली तर उजव्या अर्ध्या भागात ती आडवी असते आणि मध्यापासून डावीकडे सुमारे १५ अंशांनी वर चढत जाते. त्यामुळे समोरून येणाऱ्याच्या बाजूस प्रकाश खाली राहतो, आणि डाव्या कडेचा माणूस, झाड, पाटी लांबून दिसते. जेथे वाहतूक उजवीकडून चालते तेथे हीच आकृती उलटी असते. म्हणून परदेशातून आणलेल्या जुन्या मोटारीला तेथलाच दिवा ठेवला, तर तो कितीही नीट ‘सेट’ केला तरी समोरच्याच्या डोळ्यांत जाणारच. त्याचा वर चढणारा भाग चुकीच्या बाजूला आहे.

तपासणीची घरगुती रीत ह्या कडेवरच आधारलेली आहे. तीस एक भिंत, खडू किंवा चिकटपट्टी, टेप आणि सपाट जमीन एवढे पुरते. त्यांपैकी सपाट जमीन मिळणे सर्वांत कठीण. नाशिक हे नाव ‘नासिका’वरून आले की ‘नवशिखा’वरून, हा वाद लोकव्युत्पत्तीच्या प्रांतात सोडून द्यावा; परंतु गोदावरीच्या दोन्ही काठांवर टेकाडांवरून उतरत वसलेल्या ह्या गावात दहा मीटर सपाट जागा शोधावी लागते, हे खरे. त्यातून घरांच्या आवारातील फरशीला पावसाचे पाणी निघून जावे म्हणून गवंडी मुद्दाम ‘ढाळ’ देतो. शंभरास एक असा ढाळ सहज असतो, आणि नेमका तेवढाच उतार आपणास मोजावयाचा आहे. म्हणून गवंड्याचेच साधन वापरावे : पाणी भरलेली पारदर्शक नळी. पुढच्या चाकांखाली, मागच्या चाकांखाली आणि भिंतीच्या पायथ्याशी पाण्याची पातळी पाहून तिन्ही जागा सेंटिमीटरभराच्या आत एका पातळीत आहेत ना, हे ठरवावे. सर्व जमीन एकाच संथ उताराची असेल तर फारसा बाध येत नाही, कारण मोटार, जमीन आणि भिंतीचा पायथा ही एकाच प्रतलात राहतात. बाध येतो तो मध्येच उतार बदलला तर.

मोटारीची स्थिती नेहमीच्या वापरासारखी असावी. चाकांतील हवा ठरविल्याप्रमाणे, टाकी सुमारे अर्धी, डिकीत अवांतर सामान नाही, आणि चालकाच्या जागी एक माणूस बसलेला. दिव्यांच्या काचा पुसून घ्याव्यात. दिव्यांची उंची बदलणारी चकती असल्यास ती शून्यावर ठेवावी. ही गोष्ट विसरली तर पुढचे सारे मोजमाप फुकट जाते.

नंतर मोटार भिंतीला अगदी जवळ आणून दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या समोर भिंतीवर फुल्या कराव्यात. प्रत्येक फुलीतून एक उभी रेघ, आणि दोन्ही फुल्यांतून जाणारी एक आडवी रेघ काढावी. ह्या आडव्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी आडवी रेघ काढून मोटार सरळ मागे १० मीटर न्यावी. जागा कमी असेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर धरावे. त्याहून जवळ जाऊ नये, कारण मापनातील लहानशी चूकही मग मोठ्या अंशाची होते. अंधार पडल्यावर डिपर लावून एक दिवा पुठ्ठ्याने झाकावा आणि दुसरा पाहावा. कडेचा आडवा भाग खालच्या रेघेवर यावा, आणि जेथून कड डावीकडे वर चढू लागते तो कोपरा त्या दिव्याच्या उभ्या रेघेवर यावा. कड वरच्या रेघेला टेकत असेल तर दिवा वर आहे. खालच्या रेघेच्याही बरीच खाली असेल तर खाली पडला आहे. दिव्यामागे साधारणतः दोन स्क्रू असतात, एक वरखाली आणि एक डावीउजवीकडे करणारा. ते पाव फेऱ्याने फिरवून पाहत जावे. अप्परची वेगळी चिंता बहुधा करावी लागत नाही. एकाच दिव्यात दोन्ही झोत असले तर डिपर नीट बसला की अप्परही बसतो.

यंत्राने केलेली तपासणी तत्त्वतः हीच आहे. दिव्यासमोर आणलेल्या पेटीत एक मोठे भिंग असते. दहा मीटरवरील भिंतीवर जे चित्र पडले असते तेच ते लहान करून हातभर अंतरावरील पडद्यावर पाडते. पडद्यावर उताराच्या रेघा आधीच आखलेल्या असतात. नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या पेठ रस्त्यावरील स्वयंचलित तपासणी केंद्रात व्यावसायिक वाहनांची योग्यता ठरविताना दिव्यांची परीक्षा अशा यंत्राने होते. यंत्राचा लाभ असा की त्यास अंधार किंवा लांब आवार लागत नाही. परंतु पेटी ज्या रुळावर सरकते तो आणि मोटार ज्या फरशीवर उभी आहे ती, ही दोन्ही समांतर असावी लागतात. म्हणजे गवंड्याच्या नळीचा प्रश्न येथेही सुटलेला नाही, तो एकदाच सोडवून ठेवलेला असतो.

तपासून नीट बसविलेला दिवा पुन्हा बिघडावयास अपघातच व्हावा लागतो असे नाही. ओझे पुरते. समजा पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आहे, आणि मागे तीन माणसे व डिकीत द्राक्षांचे क्रेट भरल्याने मोटारीचा मागचा भाग ५ सेंटिमीटर दबला. अडीच मीटरला ५ सेंटिमीटर म्हणजे दोन टक्के. एक टक्का खाली असलेला झोत आता एक टक्का वर गेला, आणि ५० मीटरवर त्याची कड १ मीटर १५ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे बरोबर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर आली. शून्य ते तीन अशा आकड्यांची ती चकती ह्याच कारणासाठी दिलेली असते, आणि तिचा उपयोग ठाऊक नसलेले चालक पुष्कळ आढळतात. मोटरसायकलवर मागे एक माणूस बसला तरी हाच परिणाम होतो. तेथे बहुधा चकतीही नसते. कसारा घाटात जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा वेगळ्या असल्याने समोरच्या झोताचा त्रास कमी. परंतु पेठ रस्त्यावरील सावळघाटासारख्या दुहेरी वाटेवर चढाच्या माथ्यावर सारी मोटारच तोंड वर करते, आणि तेवढ्या क्षणापुरता निर्दोष दिवाही दोषी ठरतो.

डोळे दिपण्याचे शास्त्र हॉलडे आणि स्टाइल्स ह्या संशोधकांनी १९२० ते १९३० च्या दशकात मांडले. डोळ्यात शिरलेला प्रखर प्रकाश आतल्या माध्यमांत विखुरतो आणि दृश्यावर पडदा धरतो; दिवा दृष्टिरेषेच्या जितका जवळ, तितका हा पडदा दाट, आणि तो अंतराच्या कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. दुभाजक असलेल्या रुंद रस्त्यावर त्रास का कमी वाटतो, आणि दुहेरी अरुंद रस्त्यावर का वाढतो, ह्याचा उलगडा ह्यावरून होतो. दिवा निघून गेल्यावरही डोळा पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. वयाबरोबर तो काळ वाढतो.

दिपण्यावर लोकांनी काढलेले दोन उपाय येथे पाहिले पाहिजेत, कारण दोन्ही रोखाच्या प्रश्नाला बगल देतात. पहिला, दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगविण्याचा. दोन तंतूंच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तंतूखाली एक लहानशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडविते, म्हणून डिपर लागला असता परावर्तकाचा फक्त वरचा भाग कामास येतो आणि तेथून प्रकाश पुढे व खाली जातो. भिंतीवरील ती कड आणि तिचा डावीकडचा चढ हेही त्या वाटीच्या कडेचेच चित्र होय. काचेचा वरचा भाग रंगविला म्हणजे रस्त्यावर पडावयाचा डिपरचा प्रकाशच बहुतांशी अडविला जातो. दिवा मंद होतो. खाली वळत नाही.

दुसरा उपाय नवा आणि अधिक घातक : हॅलोजनसाठी बनविलेल्या परावर्तकात बाजारातील एलईडी बल्ब बसविणे. एलईडीचा प्रकाश देणारा पृष्ठभाग जुन्या तंतूच्या नेमक्या जागी आणि नेमक्या आकाराचा नसतो, आणि एक-दोन मिलिमीटरांचा फरकही परावर्तकास पुरतो. भिंतीवर पाहिले तर कड नाहीशी झालेली, प्रकाशाचा नुसता पांढरा गोळा दिसतो. अशा दिव्याचा ‘फोकस सेट’ करून देण्याचे आश्वासन दिले जाते, परंतु ज्या झोताला कडच नाही त्याचा रोख कोठल्या रेघेवर आणावयाचा, हा प्रश्न स्क्रू फिरवून सुटणारा नाही. येथे ‘फोकस’ शब्दाचा जुना, प्रकाशशास्त्रातला अर्थ गॅरेजात परत आला आहे, असे म्हणता येईल : बिघडला आहे तो रोख नव्हे, नाभी. गॅरेजात तक्रार सांगताना ‘फोकस वर आहे’ आणि ‘फोकसच नाही’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवली, तर पहिल्यास स्क्रू लागतो आणि दुसऱ्यास मूळ बल्ब, हे कारागिराला न विचारता कळते.